बत्ती कोणत्या बाजूला होती

बाबा, आज सोमवार, ३ फेब्रुवारी १९९२. सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटं झाली आहेत आणि मी डहाणूच्या बत्तीपासून, म्हणजे दीपगृहापासून, दोनशे पावलांवर, वाळूत उलट्या घातलेल्या एका होडीच्या सावलीत बसलो आहे. पावलं मी मोजली आहेत. स्टँडवर कॅमेरा लावून ठेवला आहे, पण ऊन अजून बत्तीच्या पाठीमागे आहे. समुद्राकडच्या अंगावर ते बारा-साडेबारानंतर येईल. तोवर काम नाही. डबा खाल्ला, भिंग पुसलं, ते पुन्हा एकदा पुसलं, आणि मग पिशवीतून ही वही काढली.

दर सोमवारी बोईसरचा फोटो स्टुडिओ बंद असतो आणि दर सोमवारी मी असा कुठल्या तरी बत्तीखाली नाहीतर समुद्रात घुसलेल्या एखाद्या टोकावर असतो. अर्नाळ्यापासून उंबरगावपर्यंत एकही बत्ती, एकही टोक मी सोडलेलं नाही. एसटीने जातो, पुढे सायकल मिळाली तर सायकल, नाहीतर चालत. कोणी विचारलं तर सांगतो की हौस आहे. प्रत्येक फोटोच्या मागे मी तारीख, वेळ आणि उभं राहण्याची जागा लिहितो, आणि त्याखाली दोन ओळी असतात: डाव्या हाताला काय, उजव्या हाताला काय. फोटोत ते दिसतंच आहे, मग लिहायचं कशाला, असं बोईसरच्या एका मास्तरांनी मला विचारलं होतं. त्याचं उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे. क्रमाने लिहितो, कारण क्रम सोडला तर मला सोयीचं तेवढंच लिहिलं जाईल.

तुम्ही स्टुडिओत आलात तो दिवस दिवाळीनंतरचा होता, साल अठ्ठ्याहत्तर. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा. कुंभवलीच्या कारखान्यातले सहा-सात कामगार पासच्या फोटोसाठी बाकावर बसलेले, मालक कॅमेऱ्यामागून त्यांना सांगताहेत, "सीधा देखो, हिलो मत," आणि मी काउंटरवर पाकिटांवर नावं लिहितो आहे. आठवीतून शाळा सुटल्यावर माझ्याकडे चांगलं अक्षर तेवढं उरलं होतं. एका माणसाच्या नावातला एक काना माझ्याकडून राहिला तर कारखान्याने फोटो परत पाठवले होते, आणि तेव्हापासून मी प्रत्येक गोष्ट दोनदा तपासायचो. तुम्ही आत आलात ते चौकटीला हात लावून. पांढरा सदरा, डोक्यावर टोपी. मालकांना वाटलं तुम्हाला फोटो काढायचा आहे. ते म्हणाले, "काका, टोपी जरा मागे सरकवा."

"माजा नको. किनाऱ्याचा काढायचा हाय. बोटीतून."

मालक हसले. "किनारा स्टुलावर बसेल का?"

"तो बसलेलाच हाय," तुम्ही म्हणालात. "आमी हलतो."

बाकावरचे कामगारही हसले, त्यांना किती कळलं कुणास ठाऊक. मग तुम्ही मला बाहेर रस्त्यावर नेलंत आणि हळू आवाजात म्हणालात, "हल्ली किनारा लांब गेलाय." मला वाटलं तुम्ही गाळाबद्दल बोलताय.

तुमचं मागणं ऐकून मी घाबरलो होतो, आणि ते समुद्राच्या भीतीने नव्हे. बोट हाकणाऱ्या तांडेलाच्या खुणा जमिनीवर बोलायच्या नाहीत, ही आपल्या घरातली रीत. कुठल्या ताडामागे काय आलं की खाली खडक, कुठलं टोक कुठल्या देवळाला लागलं की जाळं टाकायचं, हे बाप मुलाला सांगतो ते बोटीवर, सुकाणूपाशी, आणि खलाशांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात. आजोबांनी तुम्हाला तसंच दिलं. मला मिळालं नाही, कारण चौदाव्या वर्षी तुम्ही मला बोटीवर नेलंत आणि बंदर सुटल्यापासून परत येईपर्यंत मी ओकत होतो. तिसऱ्या फेरीनंतर तुम्ही मला वाळूवर उतरवलंत आणि सगळ्यांसमोर म्हणालात, "जमिनीवरचा हायस तू. जमिनीवरच राहा." तेव्हा ते बोलणं मला लागलं होतं. पण त्याच रात्रीपासून मला शांत झोप लागायला लागली, हेही खरं. आणि आता तुम्ही त्या खुणा कागदावर मागत होतात, परक्या माणसाच्या दुकानात, दिवसाढवळ्या. काहीतरी बिघडलं आहे एवढं मला कळलं. काय, ते विचारायचं धाडस झालं नाही.

तीन सोमवार आपण गेलो. मालकांनी जुना कॅमेरा दिला, एकावर एक दोन भिंगं असलेला, बारा फोटोंच्या रोलचा. तो छातीशी धरून वरून आत बघायचं असतं. आत चार बोटं रुंदीची काच असते, तिच्यावर चित्र उमटतं. चित्र सुलटं असतं, पण डावं-उजवं बदललेलं. समोरचा माणूस उजवीकडे सरकला की काचेत तो डावीकडे जातो. पहिले पंधरा दिवस डोकं गरगरतं. मग इतकी सवय होते की बदललेलं आहे हे ध्यानातही राहत नाही. बोटीवर मला त्या काचेचा एक वेगळाच उपयोग सापडला. समुद्राकडे सरळ बघितलं की पोटात ढवळायचं. काचेत बघितलं की तोच समुद्र चार बोटांचा व्हायचा, आणि मला काही व्हायचं नाही. मग मी डोकं वर काढणंच सोडून दिलं.

बोटीवर तुम्ही, मामा, इंजिनवाला आणि तीन खलाशी. मामा तुमच्याशेजारी सुकाणूजवळ बसलेला असायचा, आणि तुमचं दोघांचं बोलणं सारखं चाललेलं. "मेहुण्या, किनारा हाय का कोणी चोरला?" तुम्ही विचारायचात. मामा म्हणायचा, "हाय भाऊजी. ताडाला टेकून उभा हाय, तुमची वाट बघतोय." "आनि बत्ती?" "बत्ती लाजते. अर्धी लपली, अर्धी उघडी." "कुठल्या अंगानं उघडी?" "उजव्या." तुम्ही सुकाणू थोडं सरकवायचात. "आता?" "आता लपली. सासऱ्याला बघून सून लपते तशी." खलाशी हसायचे. मेव्हण्या-मेव्हण्यांची थट्टा चाललीय असं त्यांना वाटायचं, आणि मलाही तसंच वाटत होतं. इंजिनवाला अधूनमधून खालून डोकं वर काढून मला लिंबू द्यायचा आणि म्हणायचा, "फोटोवाल्या, आज समुद्राला काय देणार? रिकाम्या पोटी आलास तर त्याला राग येतो." त्याचं लग्न होऊन वर्ष झालेलं नव्हतं.

पहिल्या सोमवारी आपण दक्षिणेला गेलो, दुसऱ्या सोमवारी उत्तरेला. तुम्ही "आता काढ" म्हणालात की मी काचेत बघायचो आणि टोक आणि बत्ती अगदी हवी तशी जुळलेली असायची. घिवलीच्या पुढे अणुविजेच्या कारखान्याची उंच चिमणी दिसायला लागली तेव्हा मामाने माझ्या हातावर हात ठेवला. "हे मिट. हितला फोटो काढलास तर आपल्याला उचलून नेतील." तुम्हीही म्हणालात, "तेवढं सोड." मी कॅमेरा कातडी खोळीत घातला, बटण लावलं, आणि ती चिमणी मागे जाईपर्यंत ते उघडलं नाही. तुमची मान किनाऱ्याकडे होती, पण चिमणीच्या दिशेला नव्हती. तिच्या बरीच पुढे, रिकाम्या आभाळाकडे होती. हे मी बघितलं आणि याचा अर्थ मला लागला नाही.

तिसऱ्या सोमवारी आपल्याच खाडीचं तोंड. तुम्ही मला जवळ बसवलंत आणि मामालासुद्धा थोडं लांब जायला सांगितलंत. टोकावरचा एकटा ताड, आणि त्याच्या मागे, दूर, पांढरी बत्ती. "बत्ती ताडामागं लपली की वाट बरोबर. ज्या बाजूला सुटली, त्या बाजूला आपण जास्त गेलो. मग उलट वळायचं. उजव्या अंगाला बुडता खडक हाय. ओहोटीला पाठ दाखवतो, भरतीला नाय दाखवत. कळलं?" मी हो म्हणालो. "परत बोल." मी परत बोललो. आजोबांचं तुमच्याकडे आलेलं माझ्याकडे आलं ते असं, मळमळणाऱ्या पोटाने. नंतर तुम्ही जाळ्याच्या दोरीचा तुकडा घेतलात, कॅमेऱ्याला बांधलात आणि माझ्या गळ्यात अडकवलात. गाठ मारताना तुम्ही तिच्याकडे बघत नव्हता. तुमची बोटंच सगळं करत होती.

फोटो मी मोठे करून दिले, छत्तीसातले एकतीस. बाकीचे हललेले होते. भर दुपारी तुम्ही ओट्यावर बसलात आणि पहिलाच फोटो हातात घेतलात, डोळ्यांच्या अगदी जवळ नेलात, मग लांब धरलात, मग उन्हात तिरका केलात. "चांगला आलाय," तुम्ही म्हणालात. "बत्ती कशी सरळ उभी हाय." फोटो उलटा होता. आभाळ खाली, समुद्र वर, बत्ती वटवाघळासारखी खाली लोंबकळत होती. आई सुकट निवडत होती, तिने बघितलं नाही. मामाने बघितलं, आणि मी बघतोय हेही बघितलं. तो उठून माझ्याबरोबर विहिरीपर्यंत आला.

"किती दिवस?" मी विचारलं.

"दोन वर्षं. आधी लांबचं गेलं. आता जवळचं."

"बोटीवर कोणाला ठाऊक हाय?"

"मला. आनि आता तुला." त्याने दोर विहिरीत सोडला. "त्याला वाटलं, किनारा लांब हाय म्हणून दिसत नाय. हातात आला तर दिसेल. म्हणून फोटो."

मी तुम्हाला पालघरच्या डॉक्टरांकडे न्यायचं ठरवलं. तुमच्याशी सरळ बोललो, आयुष्यात पहिल्यांदा. तुम्ही रागावला नाहीत. म्हणालात, "डॉक्टर पट्टी बांधून महिनाभर बसवेल. तवर सुकाणूवर दुसरा बसेल. एकदा दुसरा बसला की मला परत कोण बसू देतो? शिमग्यापर्यंत थांब. शिमगा झाला की जाऊ." मी थांबलो. बोटीवर सहा माणसं जायची, त्यांतली चार काही ठाऊक नसताना जायची, आणि मी बोईसरला पाकिटांवर नावं लिहीत थांबलो. दुपारी मासळीवाल्या बायका स्टेशनवर उतरल्या की मी काउंटर सोडून बाहेर जायचो आणि आपल्या गावची कोणी असली तर विचारायचो, "बोट आली का?" त्या म्हणायच्या, "आली रे, तुज्या बापाची बोट कधी नाय आली?" एकीने मला विचारलं होतं, "सारखा विचारतोस, स्वप्न पडलं का?" शिमग्याचे दिवस मी कॅलेंडरवर खोडत होतो. बारा उरले असताना मामाला हिवताप आला.

त्याने मला बोलावून घेतलं. तीन गोधड्यांखाली त्याचे दात वाजत होते. "बोट उद्या सकाळच्या भरतीला जाणार. मी बोललो त्याला, नको जाऊ. तो बोलतो, खलाशांना काय सांगू? तू जा माज्या जागी."

"मी ओकतो, मामा."

"ओक. पण बोलत राहा."

खलाशांना सांगितलं, पोराला अजून थोडे फोटो पायजेत. म्हणून कॅमेरा माझ्या गळ्यात होता, तुमच्या दोरीने. जाताना काही झालं नाही. मी मामासारखं बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा एक खलाशी म्हणाला, "बामणाघरी जेवायला गेल्यासारखा बोलतोय हा." तुम्ही हसलात. माझ्या गुडघ्यावर एकदा थोपटलंत. दुसऱ्या दिवशी सकाळच्या भरतीला आपण परत फिरलो. हवा धुरकट होती, सूर्य समोर बत्तीच्या वर होता आणि पाणी इतकं चमकत होतं की किनाऱ्याकडे बघवत नव्हतं. खलाशी पुढे बोंबलांच्या टोपल्या बांधत होते. इंजिनवाला खाली. माझ्या घड्याळात पावणेदहा.

"ताड आला?" तुम्ही विचारलंत.

मी मान वर केली तर डोळ्यांत पाणी आलं आणि पोट वर आलं. मी कॅमेऱ्याचं झाकण उघडून काचेत बघितलं. झाकणाच्या सावलीत सगळं स्वच्छ दिसत होतं. ताड, आणि त्याच्या बाजूला बत्ती.

"आला. बत्ती सुटलीय. डावीकडं."

तुम्ही लगेच सुकाणू हलवलं नाही. मान थोडी तिरकी केलीत. "डावीकडं? उजव्या अंगाला पाणी बोलतंय. मला वाटतं आपण उजवीकडं सरकलोय. नीट बघ."

मी नीट बघितलं, बाबा. परत काचेत बघितलं. बत्ती ताडाच्या डावीकडे होती, माझ्या नखाएवढी, पांढरी. "डावीकडंच हाय. दोनदा बघितली."

तुम्ही माझ्याकडे तोंड केलंत. तुमच्या तोंडावर काय होतं हे मला आजही नीट सांगता येत नाही. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवायचं ठरवत होतात, एवढंच मला वाटतं. मग तुम्ही बोट उजवीकडे वळवलीत.

आवाज मोठा नव्हता. नारळ फोडल्यासारखा, पण पाण्याखालून. बोट थांबली, कलली, आणि आपण सगळे एका बाजूला गेलो. मला पाण्यात तुम्हीच धरलंत, कॅमेऱ्याच्या दोरीने धरलंत. मागून येणाऱ्या बोटीने आपल्याला उचललं, तुम्हाला, मला आणि तिन्ही खलाशांना. तुम्ही नावं घेऊन मोजत होतात आणि इंजिनवाल्याचं नाव परत परत घेत होतात. तो ओहोटीला सापडला, इंजिनपाशीच.

गावकी बसली तेव्हा तुम्ही उभे राहिलात आणि म्हणालात, "मला दिसत नाय. दोन वर्षं दिसत नाय. सुकाणू माज्या हातात होतं. चूक माजी." माझं नाव तुम्ही घेतलं नाहीत. मामा घोंगडी पांघरून भिंतीशी बसला होता. बाहेर पडताना त्याने मला विचारलं, "तू त्याला काय सांगितलंस?" मी म्हणालो, "जे दिसलं ते." ते मला तेव्हा खरंच वाटत होतं.

तो कॅमेरा खाऱ्या पाण्याने गेला, मालकांनी तसलाच दुसरा मुंबईहून आणला. अकराव्या दिवशी मी कामावर गेलो. एक कामगार स्टुलावर बसलेला, मी काचेत बघून त्याला हाताने खूण केली, जरा इकडे सरक. तो उलट्या बाजूला सरकला, म्हणजे काचेत उलट्या, म्हणजे मी दाखवली त्याच बाजूला. मालक म्हणाले, "काय रे, कॅमेरा पहिल्यांदा धरलास का?" मी काचेत बघत राहिलो. मग मान वर करून त्या माणसाकडे बघितलं. मग परत काचेत. तो बिचारा म्हणाला, "हिलूँ या नहीं हिलूँ?" मी पडद्यामागे गेलो आणि तिथे अंधारात एकदा डावा हात उचलला, मग उजवा.

तुम्हाला मी त्याच दिवशी सांगायला हवं होतं. पावसाळा आला आणि गेला. तुम्ही ओट्यावर बसून लोकांची जाळी विणून द्यायचात. पायाच्या आवाजावरून माणूस ओळखायचात, आणि त्यात तुम्हाला थोडी मजाही वाटायची. आई विहिरीवरून आली की तुम्ही म्हणायचात, "आज हंडा भरलेला नाय, चाल हलकी हाय." नवरात्राच्या आधी एका दुपारी तुम्ही जाळं बाजूला ठेवलंत आणि मला विचारलंत, "त्या दिवशी बत्ती कुठं होती?"

मला सगळं माहीत होतं, सहा महिन्यांपासून. तोंडात वाक्य तयार होतं. पण ते म्हटलं की ते गावात जाणार, इंजिनवाल्याच्या घरी जाणार, आणि तुम्ही भोगलेलं सगळं माझ्याकडे येणार. तुमचं भोगून झालेलं आहे, असं मी स्वतःला सांगितलं.

"डावीकडं होती, बाबा."

"नक्की?"

"दोनदा बघितली."

तुम्ही मान हलवलीत. "मग माजा कान गेला," तुम्ही म्हणालात. "डोळ्यामागोमाग कान पन गेला. मला पाणी उजवीकडं ऐकू आलेलं."

त्यानंतर तुम्ही पावलं ओळखणं सोडलंत. आई आली तरी विचारायचात, "कोण?" मी आलो तरी "कोण?" आवाज ऐकूनसुद्धा खात्री वाटायची नाही, पुन्हा विचारायचात. शेवटची दोन वर्षं तुम्ही अशी काढलीत, आणि मी रोज संध्याकाळी दारात येऊन माझं नाव सांगत होतो. डोळे तुमचे आधीच गेले होते, त्यात माझा हात नव्हता. कान शाबूत होता. पन्नास वर्षांचा कान होता, आणि त्या दिवशी बोटीवर खरं बोलणारा तो एकटाच होता. तो मी तुमच्याकडून काढून घेतला, एका वाक्याने, ओट्यावर बसून, काही गरज नसताना. बत्ती उजवीकडे होती, बाबा. पाणी तुम्हाला जिथे ऐकू आलं तिथेच होतं.

आता एक वाजत आला आहे. ऊन बत्तीवर आलं होतं, पण मी उठलो नाही, आणि आता समोरून ढग सरकतो आहे. हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुम्हाला वाचता येत नव्हतं, आईला येत नाही, मामाला येत नाही. आपल्या घरात हे वाचू शकणारा मी एकटाच आहे. खरं तर हे इंजिनवाल्याच्या बायकोला सांगायला हवं, हे मला कळतं. तेरा वर्षांत ते कळलं नाही असा एकही दिवस नाही.

म्हणून गेल्या गुरुवारी मी तिच्याकडे गेलो होतो. ती आता कुंभवलीच्या एका कारखान्यात सफाईला जाते. दारात मला बघून म्हणाली, "ये रे फोटोवाल्या. बरा आलास. पाससाठी फोटो पायजेत, माजं बसभाडं वाचलं." मी म्हणालो, "वहिनी, मला बोलायचं हाय." तिला वाटलं तुमच्याबद्दल. तिनेच सुरू केलं. म्हणाली, "तुजा बाप यायचा इथं, ठाऊक हाय? काठी टेकत यायचा. ओट्यावर बसायचा, काय बोलायचा नाय. मी एकदा बोलली, जा आता, माज्या डोळ्यांसमोर बसू नको. तर बोलतो कसा, पोरी, तू मला दिसत नायस, मी तुला दिसतो, तरास तुलाच हाय, म्हणून विचारतो, बसू का?" ती सांगताना हसली. "मग मलाच हसू आलं. हसल्यावर राग धरवत नाय रे. आंधळा मानूस, त्याची चुकी ती काय." मग तिने पदर सारखा केला आणि विचारलं, "तू काय बोलणार होतास?"

मी म्हणालो, "काय नाय. भिंतीला टेकून उभ्या राहा, उजेड चांगला हाय."

तीन फोटो काढले. शनिवारी पाकिटावर तिचं नाव लिहून, दोनदा तपासून, कॉप्या नेऊन दिल्या. तिने कनवटीचे बारा रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. नको म्हटलं असतं तर तिने कारण विचारलं असतं. म्हणून मी ते घेतले.